मिरजेच्या माळ्यावर सापडलेली दोन तोंडांची सुरी: ही नेमकी कशाची?

ट्रंकवाली | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. मिरजेचं आमचं जुनं घर पाडायला दिलंय, त्यामुळे गेले दोन रविवार आम्ही भावंडं माळा उपसतोय. हंडे, परात, मोडका पाळणा असलं सगळं निघालंच. पण एका पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, लाल फडक्यात गुंडाळलेली एक सुरी निघाली आणि आता घरात तिच्यावरून रोज वाद होतोय.

वर्णन करते. मिटलेली असताना लांबी साडेबारा सेंटिमीटर. मूठ पिवळट पांढरी, दोन पट्ट्यांची, पितळी खिळ्यांनी जोडलेली, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. मुठीवर बारीक गोल आणि गोलाच्या मध्ये टिंब अशी नक्षी. एका टोकाकडून पातं उघडतं, साधारण साडेसात सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दीड. आणि दुसऱ्या टोकाकडून, उलट दिशेनं, दाभणासारखं एक टोकदार लोखंड उघडतं. ते पात्यापेक्षा लांब आहे, नऊ सेंटिमीटर. बुडाशी चौकोनी, पुढे गोल होत जातं. दोन्ही एकाच वेळी उघडली तर मधे मूठ आणि दोन्हीकडे हत्यार असा प्रकार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन बासष्ट ग्रॅम.

मुठीच्या एका अंगाला अंगठा बसेल एवढा खळगा पडलाय, वापरून वापरून झिजल्यासारखा. कुठेही नाव नाही, शिक्का नाही. फोटो जोडलाय.

घरची दंतकथा अशी की पणजोबा वैद्य होते आणि हे त्यांचं नस्तर, यानं ते गळवं फोडायचे. काका म्हणतात पेशव्यांच्या वेळचं शस्त्र आहे. काकांना सगळंच पेशव्यांच्या वेळचं वाटतं.

---

गाळीव_रत्न | रविवार, रात्री ९:५८

गळवासाठी दाभण? पणजोबांच्या पेशंटांना माझा साष्टांग नमस्कार.

---

फौजी_आजोबा | रविवार, रात्री १०:२०

हा लष्करी चाकू आहे, शंभर टक्के. ब्रिटिश काळात सैनिकांना जो घडीचा चाकू मिळे त्याला एका अंगाला पातं आणि दुसऱ्या अंगाला दोराच्या गाठी सोडवायचा सुळा असे. आमच्या वडिलांकडे होता. तुमच्या घरातलं कुणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलं होतं का? मिरज-सांगलीकडची पुष्कळ पोरं गेली होती.

---

लोहारकाम | रविवार, रात्री ११:०५

आजोबा, तो चाकू मी दुरुस्त केलाय. त्याचा सुळा जाड असतो, करंगळीएवढा, आणि जरा वाकडा. मूठ काळी, खडबडीत, हातातून निसटू नये म्हणून. टोकाला दोरी अडकवायची कडी. शिवाय सरकारी बाणाचा ठसा. इथे यातलं काहीच नाही. नऊ सेंटिमीटरचं बारीक टोक गाठीत घालून पिळलं तर मोडेल.

ताई, दोन गोष्टी बघून सांगा. एक, टोक सुईसारखं टोचतं का? नखावर हलकेच ओढा. दोन, पात्याची धार सरळ आहे की मधे खाल्लेली?

---

चिंचपेटी | सोमवार, सकाळी ७:१५

माझा अंदाज, चांभाराची आरी आणि रापी एकत्र. नाहीतर न्हाव्याची नऱ्हाणी.

---

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ८:३०

रापीचं पातं रुंद, पुढून कापणारं असतं. आणि आरीला टोकाजवळ दोरा ओढायला खाच लागते. चिंचपेटी, बाद.

माझं मत कलमतराश. बोरू तासायला कारकुनाच्या दौतीशेजारी लहान चाकू असेच. पातं अरुंद आणि आखूड, अगदी तसंच. पंचांगांच्या गठ्ठ्याखाली निघालं हेही जुळतं, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या सामानातलं. फक्त ते दाभण कशाला ते मला लागत नाही. कागदांच्या गठ्ठ्याला भोक पाडून दोरा ओवायला असेल.

---

ट्रंकवाली | सोमवार, दुपारी १:१०

लोहारकाम, बघितलं. टोक वाटतं तेवढं तीक्ष्ण नाही. नखावर ओढलं तर पांढरी रेघ उठते पण रुतत नाही. माझ्याकडे भिंग आहे, त्यातून टोक किंचित गोलसर दिसतं, घासून मऊ केल्यासारखं. पातं मधे खाल्लेलं आहे, चांगलं खोलगट. पुष्कळदा पाजळलं असणार.

आणि हो, पितळी टोप्या काळ्या पडल्या होत्या म्हणून काल चिंच-मीठ लावून घासल्या. आता झकास चमकतायत.

---

लोहारकाम | सोमवार, दुपारी १:२५

अरेरे. ताई, पुन्हा नका करू. तो काळेपणा म्हणजे घाण नव्हे, शंभर वर्षांत पितळेवर धरलेला थर. त्याच्यावरून वय कळतं आणि तोच धातूला राखतो. चिंचेचं पाणी खिळ्यांच्या बाजूनं आत जातं आणि लोखंडाला आतून गंज धरतो. सुक्या फडक्यानं पुसा. लोखंडावर शिवणयंत्राचं तेल, एक थेंब, बास. मुठीला पाणी अजिबात लावू नका.

टोक मुद्दाम बोथट ठेवलंय हे महत्त्वाचं आहे. टोचण्यासाठी नाही ते, ओढण्यासाठी आहे. कशावर तरी रेघ ओढायला. सोनाराचं किंवा तांबटाचं आखणीचं टोक असं असतं, पण त्याला घडी कशाला करतील?

---

दंतकथा_नको | सोमवार, सायंकाळी ६:४०

मूठ हस्तिदंताची आहे का ते आधी बघा, कारण मग प्रकरण वेगळं. तापलेली सुई लावून बघायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, वस्तूला कायमचा डाग पडतो. भिंगानं बघा. हाडात बारीक काळपट रेघोट्या आणि ठिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या जागा त्या. हस्तिदंतात ते नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात, जाळीसारख्या.

---

ट्रंकवाली | सोमवार, रात्री ८:०२

काळ्या रेघोट्या आहेत, भरपूर. म्हणजे हाड. काकांचा चेहरा पडला.

---

परदेशस्थ_पुणेकर | सोमवार, रात्री ११:३०

मी इकडे न्यू जर्सीत जुने चाकू जमवतो. वस्तू सुंदर वाटते. विकायची असल्यास कळवा, पोस्टानं पाठवता येईल, खर्च माझा.

---

दंतकथा_नको | मंगळवार, सकाळी ६:५०

पुणेकर, शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पोस्टानं तर नाहीच नाही. ट्रंकवालीताई, तुम्हाला खाजगी निरोप आला असेल तर उत्तर देऊ नका. घरात ठेवायला काही अडचण नाही.

---

परदेशस्थ_पुणेकर | मंगळवार, सकाळी ७:३५

कायदा ठाऊक नव्हता, माफ करा. निरोप पाठवला होता, तो दुर्लक्षावा. धागा मात्र वाचत राहणार.

---

कावेरीकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

नमस्कार. मी या संस्थळावर फारसा लिहीत नाही, माझी मराठी घरची आहे, शाळेची नाही. आम्ही तंजावरकडचे, आता चेन्नईत. चुका सांभाळून घ्या.

वर्णन वाचून मला जे वाटलं ते मी आत्ताच सांगणार नाही. आधी ट्रंकवालीताईंना एक विनंती. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना दोन प्रश्न विचारा. या वस्तूला घरात काय म्हणायचे? आणि खंडेनवमीला ती कुठे ठेवायचे? तुमच्याकडून काही सुचवू नका, फक्त विचारा. मी आत्ता नाव सांगितलं तर आठवण त्या नावाच्या मागे जाईल.

---

गाळीव_रत्न | मंगळवार, सकाळी १०:२२

आयला, रहस्यकथा. चहा ठेवतो.

---

ट्रंकवाली | बुधवार, रात्री ९:२५

कावेरीकाठ, तुम्ही कोण आहात?! मला अजून शहारे येतायत.

आमची मोठी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, कोल्हापूरला असते. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. फोनवर तिला वस्तूचं वर्णन केलं आणि विचारलं, याला काय म्हणायचे? ती जरा थांबली आणि म्हणाली, "अगं ती आजीची येळताणी." मी म्हटलं, काय? तर म्हणे, "येळताणी. आम्ही पोरं हसायचो. वेळ ताणायचं काहीतरी असेल, म्हणून आजी स्वयंपाकाला उशीर करते."

आजी म्हणजे माझी पणजी. आणि इथे मला एक गोष्ट नव्यानं कळली. पणजी इकडची नव्हतीच. आत्या म्हणाली, "तिला सगळे तंजावरची म्हणायचे. कुंभकोणमजवळ माहेर. लग्न होऊन १९०५च्या सुमाराला मिरजेला आली आणि पुन्हा माहेरी गेली ती एकदाच."

खंडेनवमीचं विचारलं. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, कुदळ, वडलांचं टाइपरायटर सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू लावतात. आत्या म्हणाली, "येळताणी तिकडे नाही ठेवायची. ती देवघरात, पोथीवर. सुरी असून पोथीवर का, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही."

आता सांगा.

---

कावेरीकाठ | बुधवार, रात्री ११:५०

सांगतो. तमिळमध्ये 'एळुत्तु' म्हणजे अक्षर, आणि 'आणि' या तमिळ शब्दाचा अर्थ खिळा. एळुत्ताणि, अक्षराचा खिळा. सुरुवातीचा ए तिकडे ये असा ऐकू येतो. तुमच्या आत्याबाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी ऐकलेला शब्द जवळजवळ जसाच्या तसा सांभाळलाय.

ही ताडपत्रावर लिहायची लेखणी आहे. तुम्ही जिला सुरी म्हणताय ती खरं तर लेखणीची मागची बाजू. मुख्य हत्यार ते दाभणच.

दक्षिणेत ताडपत्रावर शाईनं लिहीत नाहीत, कोरतात. उत्तरेकडे, म्हणजे गुजरातेतल्या जैन भांडारांतल्या जुन्या पोथ्या शाईच्या आहेत. आमच्याकडे लोखंडी टोकानं पानावर अक्षर ओरखडायचं, पान कापायचं नाही. म्हणून टोक बोथट. लोहारकाम यांनी ते अचूक ओळखलं. कोरलेलं अक्षर आधी दिसतच नाही. मग काजळी आणि तेल, नाहीतर कोळसा आणि कुठल्याशा हिरव्या पाल्याचा रस पानावर चोळायचा आणि पुसून घ्यायचं. वरचं निघतं, ओरखड्यात बसलेलं काळं राहतं.

पात्याचं काम पानाच्या कडा सारख्या करायचं. ताडाच्या कोवळ्या पानाची मधली शीर काढून ते वाळवतात, उकळतात, पुन्हा सावलीत वाळवतात, शंखानं किंवा गुळगुळीत दगडानं घोटतात, आणि मग एका मापाच्या पट्ट्या कापतात. शिवाय भोकं पाडून दोरी ओवायची. लिहिणाऱ्याला चाकू सतत लागतो, म्हणून दोन्ही एका मुठीत.

याचे प्रकार आहेत. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचं नाव ऐकलं असेल. १८५५ साली जन्मले, म्हणजे तंजावरचं भोसल्यांचं राज्य संपलं त्याच साली. कुंभकोणमच्या जवळच्याच उत्तमदानपुरमचे. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरून ताडपत्रं गोळा करून त्यांनी जुनं तमिळ साहित्य छापलं. त्यांनी आपल्या आठवणींत एळुत्ताणीचे तीन प्रकार दिलेत. एक डोक्याला जड गोळा असलेली आखूड. दुसरी लांब, चपट्या डोक्याची, ताडाच्या पानाच्याच म्यानात ठेवायची. आणि तिसरी मडक्केळुत्ताणि. मडक्कु म्हणजे दुमडणे. एका बाजूला कत्ती, म्हणजे सुरी, एका बाजूला एळुत्ताणि, दोन्ही मधल्या मुठीत मिटायची. मूठ लाकडाची, हस्तिदंताची किंवा शिंगाची. तुमची हाडाची, एवढाच फरक.

नवमीला आमच्याकडे पोथ्या आणि लेखणी सरस्वतीपुढे ठेवतात. हत्यारांची पूजाही त्याच दिवशी, पण वेगळी मांडायची. तुमच्या पणजींनी बरोबर तेच केलं.

---

मोडीवाचक | गुरुवार, सकाळी ७:०५

वा! कलमतराश म्हणून मी अर्ध्या वाटेपर्यंत पोचलो होतो एवढंच माझं समाधान.

पण एक शंका. तंजावरची मराठी मंडळी कागदावर, बोरूनं, मोडीत लिहायची. दरबाराचं दप्तर लाखो मोडी कागदांचं आहे. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला तोही मराठीत, देवनागरीत. मग मराठी घरात ताडपत्राची लेखणी कशी?

---

कावेरीकाठ | गुरुवार, सकाळी ९:४०

दरबार म्हणजे गाव नव्हे हो. व्यंकोजीराजे १६७५च्या सुमाराला आले तेव्हा तिथे आधीपासून ओलै होतीच. ओलै म्हणजे ताडपान, आणि पत्र किंवा दस्तऐवज यालाही तोच शब्द. गावचा हिशेब कर्णम, म्हणजे तिकडचा कुलकर्णी, ताडपानावर ठेवी. संस्कृत ग्रंथ ग्रंथलिपीत ताडपानावर. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही कागदाच्या पोथ्या आहेत तशा ताडपत्राच्याही आहेत. मराठी घरातला शिकलेला माणूस घरी मराठी, कचेरीत मोडी, पाठशाळेत ग्रंथलिपी आणि बाजारात तमिळ, असा चार दगडांवर उभा असे. माझ्या आजोबांचं तसंच होतं.

सोन्यातसुद्धा ताडपानाचाच आकार करायचे. मराठ्यांच्या आधीचे तंजावरचे रघुनाथ नायक यांनी १६२० साली डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर पत्र पाठवलं, ते लांबट ताडपानासारखंच आहे. आजही कोपनहेगनला आहे.

---

दंतकथा_नको | गुरुवार, दुपारी १२:३०

माझं आयडी माझं कर्तव्य सांगतं म्हणून विचारतो. केरळ का नाही? श्रीलंका का नाही? तिकडेही ताडपत्रं कोरतातच. श्रीलंकेच्या त्या जाड पात्याच्या नक्षीदार सुऱ्या, पिहा कट्टा, त्यांच्या म्यानात बहुधा लेखणीचं टोकही असतं. पीचेकत्ती या कूर्गी सुरीच्या साखळीला चिमटे न् काय काय लटकतं.

---

कावेरीकाठ | गुरुवार, दुपारी २:१५

योग्य प्रश्न. केरळात तिला नारायम म्हणतात. तिथे चाकू आणि नारायम वेगवेगळे करून एका म्यानात ठेवायची पद्धत जास्त दिसते. सिंहली सुरीत पातं मोठं, चांदी-पितळेचं काम पुष्कळ, लेखणी बाजूला. तुम्ही म्हणता तेच, म्यानात. मुठीत मिटणारी जोडी पाहिली की मी आधी तमिळ प्रदेशच धरतो. ओडिशातही कोरतात, रघुराजपूरचे चित्रकार अजूनही ताडपत्रावर चित्रं कोरतात, पण त्यांच्या लेखण्या मी पाहिल्या त्या घडीच्या नव्हत्या. आणि शेवटी तो शब्द आहेच. मलयाळी घरातून आली असती तर आत्याबाईंनी येळताणी म्हटलं नसतं.

---

दंतकथा_नको | गुरुवार, दुपारी २:२०

शब्दाचा पुरावा मान्य. मी शस्त्र खाली ठेवतो.

---

गाळीव_रत्न | गुरुवार, दुपारी २:२४

पोथीवर ठेवा.

---

लोहारकाम | गुरुवार, रात्री १०:३०

मला एक खटकतंय. खळगा. मी फोटोवरून हातात धरून बघायचा प्रयत्न करतोय, लाकडाचा तेवढाच तुकडा घेऊन. लेखणी उघडी, पातं मिटलेलं, टोक खाली. उजव्या हातात धरली तर खळगा अंगठ्याखाली येत नाही, तळव्याच्या बाजूला जातो. वापरानं झीज पडते ती जिथे दाब येतो तिथे. ताई, तुम्ही प्रत्यक्ष धरून बघा.

---

ट्रंकवाली | रविवार, रात्री ८:५०

उशीर झाला कारण प्रयोग चालू होता!

भाचा पालघरला असतो, त्यानं ताडाची कोवळी पानं पाठवली. कावेरीकाठांनी खाजगी निरोपात सांगितलं तसं शीर काढली, हळद घातलेल्या पाण्यात उकळली, तीन दिवस सावलीत वाळवली आणि वरवंट्यानं घोटली. शंख देवघरातला होता, तो आईनं दिला नाही. पानं तरी वाकडीच झाली. पण चालली.

मूळ वस्तूला त्रास नको म्हणून आधी बोथट केलेल्या विणकामाच्या सुईनं हात बसवला. मग एकच पान येळताणीनं. लिहिलं "श्री". खालची वळणं मस्त आली, लोणी कापल्यासारखी. मग शिरोरेषा ओढली आणि पान टर्रकन उभं चिरलं! रेघ पानाच्या तंतूंबरोबर जाते ना. दुसऱ्या पानावर आत्याचं माहेरचं नाव लिहिलं, त्यात अनुस्वार आहे. टिंब दिलं तर आरपार भोक.

तिसऱ्या पानावर शिरोरेषा न ओढता, टिंब न देता "कावेरी" लिहिलं. बघायला काहीच नाही, नुसतं पिवळं पान. काजळ आणि खोबरेल तेल चोळलं, कापसानं पुसलं. एकदम अक्षरं उमटली. घरातले सगळे गप्प झाले, काकासुद्धा.

पात्यानं कडा कापल्या. पान दाबून पातं स्वतःकडे ओढावं लागतं, आणि दाब बरोबर मधे येतो. पातं मधेच का खाल्लंय ते हाताला कळलं.

---

मोडीवाचक | रविवार, रात्री ९:१०

शिरोरेषेचं वाचून उडालो. मोडीत तर आम्ही आधी अख्खी ओळ आखतो आणि मग अक्षरं टांगतो. ताडपत्रावर मोडी म्हणजे पानाची चटणी. म्हणूनच दक्षिणेच्या लिप्या गोल झाल्या म्हणतात ना?

---

कावेरीकाठ | रविवार, रात्री ९:४५

म्हणतात, पण सगळं श्रेय पानाला देऊ नका. तमिळ अक्षरांत सरळ रेघा पुष्कळ आहेत. आणि कर्नाटकात माध्व मठांच्या नंदिनागरी, म्हणजे देवनागरीच्या जवळच्या लिपीतल्या, पोथ्या ताडपत्रावरच कोरलेल्या आहेत. फक्त तिथे शिरोरेषा सलग नसते, प्रत्येक अक्षराला आपली आपली आखूड टोपी. पान नीट कमावलेलं असलं आणि हात हलका असला की तेवढं चालतं. ताई, तुमचं पान घाईचं होतं, वर वरवंट्यानं घोटलेलं.

टिंबाचं मात्र खरं. तमिळमध्ये व्यंजनावर टिंब देतात, आपल्या हलन्तासारखं. ताडपत्रावर लिहिताना ते टिंब गाळायचे, पान फाटू नये म्हणून. वाचणाऱ्यानं अंदाजानं ओळखायचं. पोथ्या छापायला बसलेल्या पंडितांचे निम्मे कष्ट त्यातच गेले.

लिहिताना हात फार हलवायचा नाही हेही सांगायचं राहिलं. पान डाव्या हातात, लेखणी उजव्या. डाव्या अंगठ्यानं टोकाला आधार द्यायचा आणि पानच पुढे सरकवायचं. काही लोक त्या अंगठ्याच्या नखाला खाच पाडून घ्यायचे, टोक त्यात टेकवायला.

लोहारकाम यांच्या खळग्याचं काय झालं?

---

ट्रंकवाली | रविवार, रात्री १०:३०

तेच लिहायला आले होते, मधे जेवायला उठले.

उजव्या हातात खरंच बसत नाही. मी धरली, भावानं धरली, काकांनी धरली. खळगा कुठेतरी करंगळीच्या मुळाशी जातो. मग सहज डाव्या हातात घेतली. अंगठा आपोआप आत गेला, चप्पल पायात जावी तसा.

आम्ही सगळे इतके दिवस धरून चाललो होतो की ही पणजीच्या वडिलांची, तिनं माहेरची आठवण म्हणून आणलेली. म्हणून आत्याला पुन्हा फोन केला. यावेळीही काही सुचवलं नाही, फक्त विचारलं, पणजीचे वडील डावखुरे होते का गं?

आत्या म्हणाली, "वडलांचं मला काय ठाऊक? आजी होती की डावरी. ताक डाव्या हातानं वाढायची म्हणून पंक्तीत बोलणी खायची."